नाव न लिहिलेला माणूस

मुक्ताईनगरच्या बसस्थानकावर सकाळी थोडा वेळ उभे राहिले, की गावाच्या आरोग्याचा एक अलिखित अध्याय वाचावयास मिळतो. भुसावळ, जळगाव, बऱ्हाणपूर या दिशांना जाणाऱ्या गाड्यांत प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन बसलेली काही माणसे हमखास असतात. ती सारीच मोठ्या डॉक्टरांच्या शोधात निघालेली नसतात. जी तपासणी गावात होते, ज्या गोळ्या गावात मिळतात, त्यांसाठीही कित्येक जण परगावचे तिकीट काढतात. आम्ही येथे अध्यापन करतो, त्यामुळे अशा प्रवासांची कारणे कधी विद्यार्थ्यांकडून, कधी त्यांच्या पालकांकडून कानी येतात. ते तिकीट उपचाराचे नसते. रांगेत ओळखीचे कोणी भेटू नये, याचे असते.

रुग्णाचे गुपित राखावे, हा विचार आपल्याकडे पाश्चात्त्य वैद्यकाबरोबर आला, असा एक समज आहे. वस्तुतः चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला दिलेल्या उपदेशात तो स्पष्टपणे आढळतो. रुग्णाच्या घरात शिरल्यावर वैद्याचे लक्ष रुग्णापलीकडे जाऊ नये, त्या घरातील गोष्टी त्याने बाहेर नेऊ नयेत, इतकेच नव्हे, तर रुग्णाचे आयुष्य सरत आल्याचे कळले तरी आघात होईल अशा ठिकाणी ते बोलू नये, असे तेथे बजावले आहे. ग्रीक परंपरेतील हिपोक्रेटिसच्या शपथेचा आशयही यासारखाच आहे. दोन्ही परंपरांनी बांधले ते मात्र वैद्याला. वैद्याच्या अवतीभवतीचे जग त्यांच्या कक्षेबाहेर राहिले.

त्या जगाचे रूप पुण्याने १८९७ साली पाहिले. त्या वर्षीच्या साथरोग कायद्याने शासनाच्या हाती अमर्याद अधिकार दिले, आणि रँडच्या अधिपत्याखाली सैनिक प्लेगचे रुग्ण शोधीत घराघरांत शिरू लागले. रुग्ण रुग्णालयात, घरची मंडळी विलगीकरणाच्या छावणीत, असा क्रम ठरून गेला. परिणाम व्हायचा तोच झाला. लोक आजारी माणसांना लपवू लागले. आजार सांगण्याची किंमत आजारापेक्षा अधिक झाली, की माणूस आजारच झाकतो. म्हणूनच रुग्णाची गोपनीयता हा सुखवस्तूंचा चोचला नव्हे; ती साथ आवरण्याची पूर्वअट आहे. हा धडा आपण शिकलो, असे म्हणवत नाही. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात गृहविलगीकरणातील लोकांच्या डाव्या हातावर शिक्के उमटले, आणि कोरोनाबाधितांच्या दारांवर लागणाऱ्या फलकांचा प्रश्न त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

तोंडाने जे बोलवत नाही, ते कागदावर उतरते. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली सुरू केलेल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकाकडे वाचक आपल्या शरीराविषयीचे प्रश्न पत्राने पाठवीत. टपालाला चेहरा दिसत नाही, हीच त्या पत्रांमागची निर्भयता असावी. कर्वे यांनी दिलेल्या उत्तरांवरच १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू लढविली, पण कर्वे यांना शिक्षा झाली. विचारणाऱ्याला आडोसा देणारी जागा समाजाला किती खुपते, याचा हा पुरावा होय.

या इतिहासातील निर्णायक वळण मुंबई उच्च न्यायालयात आले. सार्वजनिक क्षेत्रातील एका महामंडळात हंगामी मजुरी करणाऱ्या एका कामगाराच्या वैद्यकीय तपासणीत एचआयव्हीचा संसर्ग आढळला. तो काम करण्यास समर्थ होता. तरीही काम गेले. दाद मागावी, तर याचिकेवर नाव घालावे लागणार, आणि नाव घातले, तर जे झाकावयाचे तेच जगजाहीर होणार. न्यायालयाने नाव न लावता लढण्याची मुभा दिली. १९९७ चा तो निकाल 'एमएक्स विरुद्ध झेडवाय' म्हणून नोंदला गेला. काम करण्याची क्षमता असलेल्या आणि इतरांना धोका नसलेल्या माणसाला केवळ संसर्गापायी नोकरी नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. हा कामगार जिंकला आणि अनामही राहिला.

दुसऱ्याच वर्षी, १९९८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयात असाच अनाम 'एक्स' हरला. तो नागालँडचा डॉक्टर होता. मद्रासच्या रुग्णालयातील त्याच्या तपासणीची गोष्ट बाहेर फुटली, लग्न मोडले, गाव सोडावे लागले. नियोजित वधूच्या जिवाचा प्रश्न असल्याने न्यायालयाने रुग्णालयाला दोषी धरले नाही. हा पेच खरा आहे, तो झटकून टाकता येत नाही. परंतु एका व्यक्तीला वाचविण्यासाठी एका व्यक्तीला सांगणे वेगळे, आणि गावभर होणे वेगळे.

२००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनी हा भेद मान्य केला. मात्र ते नियम नोंदणीकृत डॉक्टरांपुरतेच. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. विश्वासाने कळलेली माहिती कोणीही उघड करू नये, असे तो सांगतो; नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेवर त्या सुरक्षित राखण्याची जबाबदारी टाकतो. मात्र तक्रार-अधिकारी नेमण्याचे बंधन आरोग्यसंस्थेत वीस किंवा अधिक माणसे असतील तेव्हाच येते. तालुक्याच्या गावी किती दवाखान्यांत वीस माणसे असतात? डॉक्टर, एक परिचारिका, एक कंपाउंडर, झाडलोट करणारी एक बाई, एवढाच बहुधा पसारा. गुपित फुटते ते येथेच. "कावीळवाले कोण?" अशी व्हरांड्यात आरोळी देणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो. मेडिकलवाला चिठ्ठी मोठ्याने वाचतो, तोही सवयीने. ज्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, तेथे रुग्णाचा कागद चोरावा लागत नाही, त्याचे नाव ऐकू आले तरी पुरते.

म्हणून उपायही लहान आहेत: नावाऐवजी क्रमांकाने हाक, बंद पाकिटात अहवाल, तपासणीच्या खोलीला खरोखर लागणारे दार. त्यांना ना मोठा निधी लागतो, ना नवा कायदा. मुंबईच्या त्या कामगाराला नाव झाकण्यासाठी उच्च न्यायालय गाठावे लागले. आमच्या गावच्या माणसाला त्यासाठी निदान बऱ्हाणपूरची गाडी धरावी लागू नये, एवढी अपेक्षा अवाजवी म्हणता येईल काय?