तिरुवलंचुळी

तिरुवलंचुळी : तमिळनाडू राज्याच्या तंजावर जिल्ह्यातील शैव क्षेत्र. कावेरी येथे जमिनीत गडप झाल्याची कथा आणि पांढरा गणपती यांसाठी ते प्रसिद्ध आहे. कुंभकोणमच्या पश्चिमेस सहा-सात किमी.वर, स्वामीमलैजवळ, अरसलार नदीकाठी ते वसले आहे. अरसलार हा कावेरीचाच एक फाटा. तो पुढे कारिकलजवळ समुद्राला मिळतो. गावाच्या नावाचा अर्थ उजवीकडे वळणारा भोवरा असा आहे.

स्थलपुराणानुसार चोळ राजाच्या काळात येथे आलेली कावेरी एका बिळात शिरली आणि पुढचा मुलूख कोरडा पडला. एखादा राजा किंवा ऋषी त्या बिळात उतरला, तरच नदी परत येईल, अशी आकाशवाणी झाली. तेव्हा हेरंड ऋषींनी आत उडी घेतली. नदी वर आली आणि देवळाला उजवे घालून पुढे गेली. ऋषींची मूर्ती मंदिरात आहे.

कथेतले बीळ शब्दशः घेता येत नाही. नदी गिळणारी विवरे सहसा चुनखडकासारख्या पाण्यात विरघळणाऱ्या खडकात होतात. येथे पायाखाली आहे तो कावेरीने आणून टाकलेला गाळ आणि वाळू. मात्र त्रिभुज प्रदेशात नदीचे अचानक 'नाहीसे होणे' मुळीच अशक्य नाही. पात्र गाळाने उथळ होते, पुरात काठाला भगदाड पडते आणि सगळे पाणी नव्या वाटेने निघून जाते. खालच्या गावांना दिसते ते फक्त कोरडे पात्र. भगदाड बुजवायला माणसाचा जीव द्यावा लागला, ही कल्पना तर मराठी वाचकाला ओळखीचीच वाटेल. तळ्याला पाणी लागावे म्हणून घरच्या सुनेचा बळी दिल्याच्या कथा आपल्याकडेही आहेत. अशा एखाद्या पात्रबदलाची आठवण या पुराणात राहिली असावी, हा तर्क बिळापेक्षा अधिक पटणारा आहे.

गावाच्या नावातल्या भोवऱ्याचे कोडे त्या मानाने सोपे. वळणावर मुख्य प्रवाहाच्या बाजूला पाणी गोल फिरू लागते. थंड देशांत हीच क्रिया डोळे दिपवणारे रूप घेते. अमेरिकेतील मेन राज्यात वेस्टब्रुक येथे प्रेसम्पस्कॉट नदीवर जानेवारी २०१९ मध्ये सुमारे ९० मी. व्यासाची बर्फाची चकती संथपणे फिरत होती; भोवतालच्या बर्फाला घासून तिची कड जवळजवळ वर्तुळाकार झाली होती. कावेरीवर बर्फ कुठला? येथे भोवऱ्यात फिरतो तो पालापाचोळा.

मंदिराचा मुख्य देव कपर्दीश्वर, देवी बृहन्नायकी. संबंदर व अप्पर या शैव संतांची पदे या क्षेत्रावर आहेत. आवारातील क्षेत्रपालाचे देवालय चोळ राजा पहिला राजराज (कार. ९८५–१०१४) याची राणी लोकमहादेवी हिने उभारले, तिरुवैयारू येथील उत्तरकैलास मंदिरही तिचेच. तरीही गर्दी होते ती श्वेतविनायकापुढे. समुद्रमंथनापूर्वी देवांना गणेशपूजनाचा विसर पडला; मग त्यांनी लाटांच्या फेसाची मूर्ती घडवली आणि इंद्राने ती येथे ठेवली, अशी श्रद्धा आहे. या लहानशा मूर्तीला पाण्याचा वा दुधाचा अभिषेक होत नाही, भीमसेनी कापराची पूड वाहतात. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा समुद्रफेसही फेस नसून एका सागरी प्राण्याचे चुनखडीयुक्त कवच असते, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही. गणपतीसमोरची दगडी जाळी हे क्षेत्राचे खरे वैभव होय. पूर्वीचे स्थपती काम अंगावर घेताना, इथल्यासारखी जाळी मात्र मागू नका, अशी अट घालत, असे सांगतात.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत तंजावर भोसल्यांच्या घराण्याकडे होते. त्यामुळे अष्टविनायक करून आलेल्या मराठी प्रवाशाला हा प्रदेश अगदीच परका नाही. त्याने उन्हाळ्यात जाणे मात्र टाळावे. कावेरी आता दरवर्षीच लुप्त होते, त्यासाठी बिळाची गरज उरलेली नाही. वरच्या बाजूचे मेट्टूर धरण १९३४ मध्ये पूर्ण झाले. त्यातून त्रिभुज प्रदेशासाठी पाणी सोडण्याची रूढ तारीख १२ जून आहे. धरणात साठा नसेल त्या वर्षी ती पुढे जाते.