कोस्टा रिका : ज्ञानाधारित अर्थव्यवस्थेची जडणघडण

मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका हा दीर्घकाळ कॉफी व केळी यांच्या निर्यातीवर विसंबून असलेला छोटा देश. १९४८ मध्ये त्याने सैन्य बरखास्त केले आणि शिक्षण व आरोग्याला प्राधान्य दिले. १९७१ मध्ये तेथे सरकारी तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली. १९९६ मध्ये इंटेल कंपनीने चिपची जुळणी व चाचणी करणाऱ्या कारखान्यासाठी या देशाची निवड केली. करसवलतींबरोबरच तेथील शिक्षित मनुष्यबळ हे त्याचे महत्त्वाचे कारण होते. २०१४ मध्ये कंपनीने हे काम आशियात हलविण्याचे ठरविले. सुमारे दीड हजार जणांचा रोजगार गेला. अभियंत्यांचे संशोधन व विकास केंद्र मात्र तेथेच राहिले. कारखान्याआधी शाळा उभारण्याचे मोल विकसनशील देशांना येथे दिसते.