थ्रॉटल बॉडीची सफाई : केव्हा आणि कशी?

मोटारीच्या सर्व्हिसिंगनंतर हाती पडणाऱ्या बिलात ‘थ्रॉटल बॉडी क्लीनिंग’ अशी एक ओळ अनेकदा आढळते. ही सफाई खरोखरच आवश्यक होती का, हा प्रश्न वाहनधारकाला पडतो. पण त्याचे समाधानकारक उत्तर क्वचितच मिळते. योग्य वेळी केलेल्या सफाईने सिग्नलवर वारंवार बंद पडणारी गाडी पूर्ववत चालू लागते. हेच काम चुकीच्या पद्धतीने झाले, तर मात्र किरकोळ खर्चाच्या कामापायी महागडा सुटा भाग बदलण्याची वेळ येऊ शकते.

कार्य काय?

एअर फिल्टरमधून गाळून आलेली हवा इंजिनात शिरण्यापूर्वी ज्या नळकांड्यातून जाते, ते म्हणजे थ्रॉटल बॉडी. त्यात आसावर फिरणारी एक गोल चकती असते. मेकॅनिक तिला ‘बटरफ्लाय’ म्हणतात. अॅक्सिलरेटर दाबला की ही चकती उघडते आणि अधिक हवा आत जाते. म्हणजेच पेट्रोल गाडीचा चालक पायाने प्रत्यक्षात हवेचे नियमन करीत असतो; त्या हवेच्या प्रमाणात किती इंधन फवारायचे, हे इंजिनाचा संगणक अर्थात ईसीयू ठरवितो. पूर्वी ही चकती कार्ब्युरेटरमध्येच असे. भारतात २००० च्या सुमारास प्रदूषणाचे निकष कडक झाले, मारुती ८०० सारख्या छोट्या गाडीतही एमपीएफआय यंत्रणा आली आणि थ्रॉटल बॉडी हा स्वतंत्र भाग सर्वसामान्यांच्या गाडीत पोहोचला.

चिकटा येतो कोठून?

हवा गाळूनच येत असेल, तर घाण साचते कशी? याचे उत्तर इंजिनातच आहे. इंजिनाच्या तळाशी निर्माण होणारी तेलकट वाफ बाहेर सोडल्यास प्रदूषण होते. त्यामुळे ती एका नळीवाटे पुन्हा हवेच्या मार्गात सोडली जाते. काही गाड्यांत धुराचा काही अंशही याच मार्गाकडे वळविलेला असतो. या वाफेत काजळी आणि फिल्टरमधून निसटलेली अतिसूक्ष्म धूळ मिसळते आणि चकतीच्या कडेला काळपट, चिकट थर जमतो. हा थर बहुधा चकतीच्या मागच्या, म्हणजे इंजिनाकडील बाजूस अधिक असतो. त्यामुळे समोरून स्वच्छ दिसणारी थ्रॉटल बॉडी आतून मळलेली असू शकते.

गाडी उभी असताना इंजिन साधारणपणे मिनिटाला ७०० ते ८०० फेरे घेत असते. त्या वेळी चकती जवळजवळ बंद असते आणि हवा कडेच्या अगदी बारीक फटीतून जाते. ती फट थराने भरत गेली की हवेचे गणित बिघडते. उलट, महामार्गावर भरधाव जाताना चकती बरीच उघडी असल्याने या पातळ थराचा परिणाम जवळपास जाणवत नाही. म्हणूनच सफाईने आयडलिंग सुधारते. मात्र ‘अॅव्हरेज वाढेल, पिकअप दुप्पट होईल’ अशा आश्वासनांना फारसा आधार नाही.

लक्षणे ओळखा

उभ्या गाडीत इंजिनाचे फेरे सतत वरखाली होणे, सिग्नलजवळ वेग कमी करताना गाडी बंद पडणे, एसी सुरू करताच इंजिन गुदमरणे आणि अॅक्सिलरेटर सुरुवातीला अडखळून मग एकदम दबणे, ही प्रमुख लक्षणे होत. यातील शेवटचे लक्षण सर्वांत धोक्याचे. केबलवर चालणाऱ्या थ्रॉटलमध्ये चकती चिकटली की चालक पाय जोराने दाबतो आणि गाडी अनपेक्षितपणे पुढे झेपावते. सोसायटीच्या अरुंद पार्किंगमध्ये अशी झेप अपघाताला निमंत्रण ठरू शकते.

तथापि, खराब स्पार्क प्लग, तुंबलेला एअर फिल्टर किंवा फाटलेली व्हॅक्युम नळी यांमुळेही यातील काही लक्षणे दिसतात. आधी त्यांची तपासणी करणे श्रेयस्कर. कोणताही त्रास नसताना केवळ ठरावीक किलोमीटर झाले म्हणून सफाई करण्याची गरज नसते. कंपनीच्या देखभाल वेळापत्रकात ती सांगितली असेल, तर गोष्ट वेगळी.

सफाईची पद्धत

इंजिन पूर्ण थंड असावे, जागा हवेशीर असावी आणि जवळपास आग वा ठिणगी नसावी. कारण सफाईचे द्रावण ज्वलनशील असते. हातमोजे व चष्मा वापरावा. इग्निशन बंद करून बॅटरीची ऋण तार सोडवावी. हवेची नळी काढल्यावर चकती दिसते. थ्रॉटल बॉडीसाठीच बनविलेले द्रावण मऊ कापडावर घेऊन चकतीची कड व नळकांड्याची आतली भिंत हलक्या हाताने पुसावी. आत थेट भरपूर फवारणी करू नये. द्रावण इंजिनात साचू शकते, तसेच सेन्सर व आसाच्या सीललाही अपाय होऊ शकतो. हवा मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरवर तर हे द्रावण मुळीच उडू देऊ नये.

तारेचा ब्रश, पॉलिश पेपर किंवा स्क्रू ड्रायव्हर कटाक्षाने टाळावा. काही कंपन्या चकतीवर व भिंतीवर विशेष लेप देतात. तो खरवडला गेला की हवेची फट कायमची बदलते. अशा काही थ्रॉटल बॉडींवर सफाई न करण्याची सूचनाच चिकटविलेली असते. तिचे पालन करावे. चकती रोखणारा स्क्रूही हलवू नये.

नव्या गाड्यांत चकती केबलऐवजी विद्युत मोटरने फिरते. ती बोटाने जोर लावून उघडल्यास आतील नाजूक दातेरी चक्रे तुटू शकतात. इग्निशन सुरू असताना बोट आत घातले, तर चकती अचानक मिटून इजाही होऊ शकते. अशा गाड्यांचे काम, विशेषतः वॉरंटीच्या काळात, अधिकृत सेवा केंद्रात करून घेणेच हिताचे.

सफाईनंतर काय?

थर वाढत जातो, तसतसा ईसीयू चकती थोडी अधिक उघडून तूट भरून काढतो आणि ती सवय लक्षात ठेवतो. सफाईनंतर फट मोकळी होते. पण ईसीयू जुन्याच हिशेबाने चालतो. परिणामी काही काळ इंजिनाचे फेरे वाढलेले राहतात. काही मॉडेलमध्ये थोड्याच वेळात ते आपोआप स्थिरावतात, तर काहींमध्ये स्कॅनर जोडून नव्याने जुळणी करावी लागते. ही जुळणी वगळली गेल्याने ‘सफाईनंतर गाडी बिघडली’ अशी तक्रार होते.

अनेक डिझेल गाड्यांतही हवेच्या मार्गात चकती असते. मात्र तेथे इंजिनाची ताकद प्रामुख्याने इंधनाच्या प्रमाणावर ठरते. त्यामुळे पेट्रोल गाडीचे हे निकष डिझेलला जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

गॅरेजमध्ये सफाई सुचविली गेल्यास वाहनधारकांनी तीन प्रश्न अवश्य विचारावेत : कोणत्या लक्षणावरून ती सुचविली, साचलेला थर सफाईपूर्वी दाखविता येईल का आणि सफाईनंतर ईसीयूची जुळणी केली जाणार का? या तिन्हींची स्पष्ट उत्तरे मिळाल्यानंतरच कामास संमती द्यावी.