वळवणचा महाशीर

१८२४ सालीं मुंबई सरकारनें विल्यम हेन्री सायक्स नांवाच्या एका लष्करी अधिकाऱ्यास दख्खनचा सांख्यिकी वृत्तान्त जमविण्याच्या कामावर नेमलें. लोकसंख्या, पिकें, जमीनधारा, वजनेंमापें हें त्याचें नेमून दिलेलें काम. परंतु गांवोगांव हिंडतांना हा गृहस्थ पशु, पक्षी आणि मासेहि टिपून ठेवीत असे. कोष्टकें भरणाऱ्या माणसाला भोयांच्या टोपलींत डोकावण्याची हौस असावी, ही गोष्ट महाराष्ट्राच्या निसर्गविद्येच्या पथ्यावर पडली. १८३९ च्या सुमारास त्यानें दख्खनच्या माशांचें जें वर्णन लंडनमध्यें प्रसिद्ध केलें, त्यांत पुष्कळ माशांना मराठी लोकांच्या तोंडचींच नांवें शास्त्रीय नांवें म्हणून दिलेलीं आढळतात. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेच्या पात्रांत मिळणाऱ्या एका मोठ्या खवल्यांच्या माशाचें नांव त्याला 'खुद्री' असें कळलें. तेंच लॅटिन पेहरावांत कायम झालें. आज शास्त्रज्ञ ज्याला 'टॉर खुद्री' म्हणतात तो दख्खनचा महाशीर हाच.

महाशीर हा डोहाचा मासा आहे तसाच ओढ्याचाहि आहे, आणि त्याचें सारें सुखदुःख ह्या दोन शब्दांत सांठलेलें आहे. उन्हाळ्यांत नदीची धार आटली कीं तो खडकाळ तळाच्या खोल डोहांत जाऊन राहतो. मृगाचे पाऊस पडून ओढे वाहूं लागले कीं मोठे मासे प्रवाहाच्या उलट चढूं लागतात आणि वरच्या अंगास, वाळूगोट्यांच्या उथळ, थंड, निवळ पाण्यांत अंडीं घालतात. रोहू किंवा कटला ह्यांच्या मानानें महाशिराचीं अंडीं फारच थोडीं असतात. डोह बुजला किंवा वाट अडली, तर त्याचा वंश लवकर खुंटतो.

डोहाचें रक्षण आपल्याकडे पूर्वी देवानें केलें. देहू येथील इंद्रायणीचा डोह तुकोबांच्या गाथेच्या कथेमुळें घरोघर ठाऊक आहे. परंतु त्याच डोहांत आणि आळंदीसहि मासे मारूं नयेत हा निर्बंध वारकऱ्यांच्या श्रद्धेनें पाळला गेला, हें तितकेंसें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. महाडजवळ सावित्रीच्या खोऱ्यांतील वाळणकोंडींत वरदायिनी देवीचे मासे आहेत. वाड्याजवळ वैतरणेच्या कांठीं तिळशास महादेवाचे आहेत. भाविक त्यांना चुरमुरे घालतात, आणि एरवीं जाळें टाकणारा मनुष्यहि तेथें हात आवरतो. ह्या व्यवस्थेला ना कायदा होता ना कार्यालय. ती एका ठराविक जागेपुरती होती, डोहाच्या पलीकडे तिची सत्ता चालत नसे, हें तिचें उणें खरें; पण तिनें मासा आणि त्याचें पाणी हीं दोन्हीं एकत्र राखलीं. १८९७ सालीं सरकारनें सुरुंगाची दारू आणि विष वापरून मासे मारण्यास बंदी करणारा कायदा केला. त्याचा अंमल डोंगराळ मुलुखांतील नदीकांठावर करणार कोण, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

एवढ्यांत मावळांत पाण्याचा दुसरा मालक आला. ८ फेब्रुवारी १९११ रोजीं गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क ह्यांच्या हस्तें लोणावळ्यास टाटांच्या जलविद्युत् योजनेची कोनशिला बसली. लोणावळें, वळवण आणि शिरवता अशीं तीन तळीं सह्याद्रीच्या माथ्यावर बांधण्यांत आलीं, आणि त्यांचें पाणी नळांतून सुमारें १,७०० फूट खालीं खोपोलीस सोडून १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळूं लागली. पुढें आंध्रा नदीवर ठोकरवाडीचें धरण झालें, आणि त्यानंतर मुळशीचें. मुळशीच्या मावळ्यांनीं आपल्या जमिनींसाठीं सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं १९२१ पासून जो सत्याग्रह केला त्याची कथा निराळी आहे. परंतु पाणी घेणाराला कांहीं देणें लागतें, ही जाणीव ह्या भागांत त्यामुळें खोल रुजली असावी. येथें ध्यानांत ठेवण्याची गोष्ट इतकीच कीं, जें पाणी इंद्रायणीवाटे भीमेस आणि भीमेवाटे कृष्णेस मिळून पूर्वसमुद्रास जावयाचें, तें आतां घाट उतरून पश्चिमसमुद्रास जाऊं लागलें. माणसांच्या तक्रारी कोणीतरी ऐकतो. माशांच्या बाजूनें तेव्हां बोलणारा कोणी नव्हता.

तरी वळवणच्या तळ्यांत महाशीर तग धरून राहिला. तळें हाच एक विस्तीर्ण डोह, आणि पावसाळ्यांत त्यास मिळणारे लहान लहान ओढे हीच त्याची प्रसूतीची जागा. देशांत इतरत्र मात्र त्याची स्थिति झपाट्यानें खालावत होती. नद्यांवर बंधारे आणि धरणें उभीं राहिलीं, सुरुंगाच्या दारूनें सबंध डोहच्या डोह मारले गेले, आणि पावसाळ्यांत ओढ्यांत चढलेल्या अंड्यांनीं भरलेल्या माद्या सोप्या शिकारी म्हणून काठ्यांनींहि मारल्या जात. १९७६ च्या राष्ट्रीय कृषि आयोगानेंहि महाशिराच्या ऱ्हासाचीं कारणें म्हणून अंड्यांवर आलेल्या माशांची व पिलांची बेसुमार मारणी आणि नदीखोऱ्यांतील योजना ह्यांचा उल्लेख केला.

त्यापूर्वींच लोणावळ्यास एक लहानसें सहकार्य सुरू झालें होतें. महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे संचालक राहिलेले डॉ. सी. व्ही. कुलकर्णी हे महाशिराचे अभ्यासक. त्याच्या अंडीं घालण्याच्या संवयी व पिलांची प्रथमावस्था ह्यांवरील त्यांचा निबंध बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत १९७१ सालीं आला. टाटा इलेक्ट्रिक कंपन्यांपाशीं तळीं होतीं, पहारा होता आणि बारमाही पाणी होतें. कुलकर्ण्यांपाशीं विद्या होती. कंपनीच्या मत्स्यविभागाचें काम पाहणारे शशांक ओगले ह्यांनीं त्या विद्येला वर्षानुवर्षांची चिकाटी जोडली. १९७० च्या पुढील वर्षांत वळवणच्या कांठीं महाशिराची पैदास करणारें केंद्र उभें राहिलें. ह्यांत उपकाराची भाषा करण्याचें कारण नाहीं. ज्यांनीं ओढे अडविले त्यांनींच त्या ओढ्यांतील जिवाची तजवीज करावी, हें न्यायास धरूनच होतें. तरीहि न्यायाची गोष्ट आपण होऊन करणारे थोडेच असतात.

काम मोठें नाजूक होतें. पावसाळ्याच्या जोरांत, जुलैपासून पुढें, अंडीं पक्व झालेले मासे ओढ्यांच्या मुखाशीं येतात. त्यांना अलगद धरून मादीचें पोट हलक्या हातानें चेपावयाचें, निघालेल्या पिवळसर सोनेरी अंड्यांवर नराचें वीर्य घालावयाचें, आणि क्षणभर ढवळून तीं स्वच्छ पाण्यानें धुवावयाचीं. मग तीं उथळ तबकांत पसरून त्यांवरून तळ्याचें पाणी अखंड वाहतें ठेवावयाचें. पाणी थांबलें किंवा गढूळ झालें कीं अंडीं बुरसतात. तीन-चार दिवसांत पिलें बाहेर येतात. पण तीं रोहूच्या पिलांप्रमाणें लगेच पोहत नाहींत. पोटाशीं बलकाची पिशवी घेऊन तीं उजेडापासून दूर, कोपऱ्यांत डोकीं खुपसून कित्येक दिवस पडून राहतात. ओढ्याच्या गोट्यांखालीं त्यांनीं जें केलें असतें तेंच तीं तबकांतहि करतात. आणि मादी? ती मरत नाहीं. तिला पुन्हां तळ्यांत सोडून देतात, आणि पुढच्या वर्षीं ती कदाचित् पुन्हां येते.

ह्या प्रयोगांतील सर्वांत विलक्षण गोष्ट कापसाची होय. मासा पाण्यावांचून जगत नाहीं ही म्हण सर्वांस ठाऊक. परंतु महाशिराचीं फलित अंडीं ओल्या कापसांत गुंडाळलीं तर बऱ्याच काळपर्यंत पाण्यावांचूनहि जिवंत राहतात, असें कुलकर्णी व ओगले ह्यांना आढळून आलें. अशा ओल्या कापसांतून अंडीं विमानानें दूरच्या ठिकाणीं पाठवितां येतात, हें त्यांनीं १९७९ सालीं प्रसिद्ध केलें. पाण्याचे जड डबे, प्राणवायूच्या पिशव्या, वाटेंत मरणारीं पिलें, हा सारा खटाटोप एका डब्यांत मावूं लागला. वळवणचा मासा आतां देशांत कोठेंहि जाऊं शकत होता. सहकार्याचें वर्तुळ वाढलें: निरनिराळ्या राज्यांचीं मत्स्यखातीं आलीं, आणि गळ टाकून मासे धरण्याची हौस असलेल्या मंडळींच्या संस्थाहि आल्या. उत्तरेकडील महाशीर वळवणास आणून वाढविण्यांत आले, निरनिराळ्या जातींचे संकरहि करून पाहिले गेले. लक्षावधि पिलें लोणावळ्याहून बाहेर पडलीं. त्या काळीं ह्यांत कोणालाहि वावगें कांहीं दिसलें नाहीं, आणि दिसण्यासारखेंहि फारसें नव्हतें. महाशीर कमी झाला आहे, येथें महाशीर विपुल होत आहे, तर तो तेथें न्यावा. हिशेब सरळ दिसत होता.

परंतु हिशेबांत 'महाशीर' हा एकच शब्द होता, आणि मासे अनेक होते.

कावेरींत एक निराळा महाशीर राहत असे. त्याची पाठ उंच, जणूं वशिंड असल्यासारखी, पर नारिंगी छटेचे, आणि देह प्रचंड. १९४६ सालीं म्हैसूर संस्थानांत गळाला लागलेला असा एक मासा १२० पौंडांचा भरला होता. गोऱ्या शिकाऱ्यांच्या पुस्तकांतून त्याची कीर्ति सर्व जगांत गेली. पण गंमत अशी कीं, इतका प्रसिद्ध असूनहि शास्त्राच्या दप्तरांत त्याला त्याचें स्वतःचें नांवच नव्हतें. ज्याला नांव नाहीं त्याची गणति कोण ठेवणार? विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत लोणावळ्याच्या केंद्रांत जन्मलेलीं निळसर परांच्या खुद्रीचीं पिलें कावेरींत सोडण्यांत आलीं, तीं कावेरीच्या महाशिराला हातभार लावावा ह्याच बुद्धीनें. दक्षिण भारतांतील गळकऱ्यांच्या संघानें नदीचा एक पट्टा भाड्यानें घेऊन तेथें पहारा ठेविला होता, चोरट्या मासेमारीस आळा घातला होता. हेतूंत कोठेंहि खोट नव्हती.

कावेरीकांठच्या गालीबोरे येथील तळावर पकडलेला प्रत्येक मासा वजन करून, वहींत टिपून पुन्हां पाण्यांत सोडीत असत. १९९८ पासून २०१२ पर्यंतच्या ह्या वह्या, सहा हजारांहून अधिक माशांची नोंद असलेल्या, आड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं तपासल्या. त्यांचा निष्कर्ष २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. निळ्या परांचा महाशीर वर्षागणिक वाढत गेला होता आणि त्यांत लहान मासे विपुल होते. वशिंडाचा महाशीर वर्षागणिक घटत गेला होता. आणि जे थोडे मिळत त्यांचें सरासरी वजन मात्र वाढत गेलें होतें. वरवर पाहतां वजन वाढणें हें शुभचिन्ह वाटेल. परंतु ज्या घरांत केवळ वृद्धच उरले आहेत आणि पाळणा हालत नाहीं, त्या घराचें सरासरी वय वाढणारच. २०१८ सालीं कावेरीच्या खोऱ्यांतील मोयार नदींतून मिळालेल्या माशांवरून त्या महाशिराची ओळख पटली: केरळांतील पांबार नदींतून २००७ सालीं वर्णिलेला 'टॉर रेमादेवी' तोच हा. त्याच वर्षीं आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघानें त्याची नोंद अत्यंत संकटग्रस्त जातींत केली. धरणें, पाणीउपसा, विष आणि दारू हींहि ह्या ऱ्हासास कारण आहेत, एकट्या खुद्रीवर सारें खापर फोडणें रास्त नव्हे. पण बाहेरून आलेल्या भावानें घरच्या भावाची जागा घेतली, हें त्या वह्यांवरून नाकारतां येत नाहीं.

आणि खुद्री स्वतः? तिची नोंद पूर्वी संकटग्रस्त जातींत होती. २०१८ च्या मूल्यमापनांत ती अल्प चिंतेच्या वर्गांत आली. ह्या बातमीचें श्रेय वर्तमानपत्रांनीं वळवणच्या पन्नास वर्षांच्या कामास दिलें. तें बरेंचसें योग्यहि आहे. परंतु ज्या अर्थानें वारकऱ्यांनीं देहूचा डोह राखला त्या अर्थानें खुद्रीची नदी राखली गेली, असें म्हणवत नाहीं. इंद्रायणीच्या पाण्यावर आळंदीस अलीकडे कित्येकदां पांढऱ्या फेसाचे थर दिसले आहेत. कारखाने आणि वाढलेलीं गांवें ह्यांचें सांडपाणी तिच्यांत उतरतें. सायक्सनें जेथून खुद्रीचें वर्णन केलें त्या मुळा-मुठेंत तर शहराच्या खालीं तिला मानवेल असें निवळ, वाहतें पाणी उरलेलेंच नाहीं. पैदाशीच्या केंद्रांतून सोडलेलें पिलूं बोटभर झालें तरी त्याला उन्हाळ्यांत डोह आणि पावसाळ्यांत ओढा हा लागणारच. तबकांतून तीं दोन्हीं देतां येत नाहींत. त्यासाठीं नदीकांठची ग्रामपंचायत, नगरपालिका, कारखानदार, पाटबंधाऱ्याचें खातें आणि धरणवाली कंपनी ह्या सर्वांस एका जाजमावर बसावें लागेल. आणि तें बसणें डोंगरमाथ्यावर दोन माणसांनीं मिळून एक केंद्र काढण्यापेक्षां पुष्कळ अवघड आहे.

वाळणकोंडींत मात्र अजून कोणी जाळें टाकीत नाहीं. पाण्यावर चुरमुरे पडले कीं काळसर पाठी वर येतात, आणि खवल्यांवर ऊन पडून क्षणभर ती जागा सोन्यासारखी दिसते.