विदर्भातील जंगल सत्याग्रह : असंतोषाची कारणमीमांसा

वसाहतींतील असंतोष केवळ करांच्या ओझ्यातून निर्माण होत नाही. १७७३ च्या चहा कायद्यामुळे अमेरिकेत चहा स्वस्त होणार होता. तरीही प्रतिनिधित्वाविना लादलेला कर वसाहतींना मान्य नव्हता. विदर्भातही मूळ प्रश्न अधिकाराचाच होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ब्रिटिशांच्या वनविषयक कायद्यांनी चराई, गवत व सरपण यांवरील गावकऱ्यांचा परंपरागत हक्क सरकारी सवलतीत रूपांतरित केला. समुद्रकिनारा नसलेल्या या प्रदेशात मिठाऐवजी गवत हेच प्रतिकाराचे साधन ठरले. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद येथे गवत कापून कायदेभंग केला. म्हणूनच जंगल सत्याग्रहास मिठाच्या सत्याग्रहाची केवळ स्थानिक आवृत्ती मानणे अपुरे ठरते. त्यामागे हिरावलेल्या हक्काची स्वतंत्र जाणीव होती.