फळीखालचं विणकाम

मोडलेला फिन भाच्याने माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाला, "मामा, हे तर तुमच्याच धंद्यातलं."

भाचा उत्तर गोव्यात आश्वेच्या किनाऱ्यावर सर्फबोर्ड दुरुस्त करतो. गेल्या जानेवारीत भुसावळहून गोवा एक्सप्रेस धरून मी त्याच्याकडे आठ दिवस राहायला गेलो होतो. फिन म्हणजे सर्फबोर्डच्या पोटाखाली, शेपटीकडे बसवलेला पर. माशाला असतो तसा, पण हाताच्या पंजाएवढा. वरून तो काचेचा तुकडा वाटत होता. मोडलेल्या कडेवर मात्र थर दिसत होते, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे, आणि थराथरात उभं-आडवं सूत. सूत मोजायचं भिंग माझ्या खिशात कायम असतं. ते लावून पाहिलं. साधी वीण, एक धागा वर, एक खाली. आमच्याकडे मलमल विणतात त्याच विणीची. सूत तेवढं काचेचं. तीस थर मोजले आणि सोडून दिलं.

मी बऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यातला. 35 वर्षं यंत्रमागांवर जॉबर होतो. माग बिघडला की जॉबरला हाक मारतात. सोळाव्या शतकात सिंधमधून आलेली सूफी घराणी आमच्या भागात वसली, म्हणून हा सिंधीपुरा. त्यांच्यातल्या शाह ईसा जुंदुल्लाह यांचं नाव शहरात आजही अदबीने घेतात. शहर तेव्हा फारुकी सुलतानांचं होतं, मग मोगलांचं झालं, पण काळ कोणाचाही असो, माग चालू राहिले. फ्रेंच जवाहिऱ्या टॅव्हर्निए सतराव्या शतकात बऱ्हाणपुरावरून गेला. इथलं झिरझिरीत कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जातं, असं त्याने लिहून ठेवलंय. ते सुरतेला जाऊन जहाजांत चढायचं. आमची तापी 724 किलोमीटर वाहून त्याच सुरतेपाशी समुद्राला मिळते. मी स्वतः मात्र साठी उलटेपर्यंत समुद्र पाहिला नव्हता. पाहिला तेव्हा नजर लाटांवर कमी आणि त्या फिनवर जास्त राहिली.

राजघाटावर लहानपणी सपाट बुडाच्या नावा पाहिल्या होत्या. नावाडी मागे बसून वल्हं पाण्यात तिरकं धरायचा. ते उचललं की नाव प्रवाहाबरोबर आडवी सरकायला लागायची. कोकणातल्या गलबतांना तळाशी पठाण असतो, पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत गेलेलं मोठं लाकूड. तो पाण्याला अडतो म्हणून गलबत वाऱ्याने आडवं वाहून जात नाही. सपाट बुडाच्या वस्तूला पाण्यात पकड नसते. फिनचा सगळा इतिहास ही पकड मिळवण्याचा आहे.

हवाई बेटांवर लोक शेकडो वर्षं लाटांवर उभे राहत आले, तेही फिनशिवाय. फळी वळवायची तर एक पाय पाण्यात ओढायचा. उभ्या लाटेवर फळीची शेपटी घसरून आडवी व्हायची आणि माणूस खाली. 1937 मध्ये होनोलुलूत जॉन केली, फ्रॅन हीथ आणि वॉली फ्रॉइसेथ ही पोरं या घसरण्याला इतकी वैतागली, की त्यांनी फळीच्या शेपटीवर कुऱ्हाडच चालवली. शेपटी अरुंद केली, बुडाला होडीसारखा निमुळता आकार दिला आणि फळीने लाट धरली. एक माणूस त्यांच्या दोन वर्षं आधीच दुसऱ्या वाटेने गेला होता. टॉम ब्लेक हा अमेरिकन वायकिकीत राहायचा, आतून पोकळ फळ्या बनवायचा. 1935 मध्ये त्याने टाकून दिलेल्या एका स्पीडबोटीच्या बुडाचा धातूचा पर काढला, फुटभर लांब आणि चार इंच खोल, आणि आपल्या फळीखाली ठोकला. फळी सरळ चालू लागली. नवा भाग कारखान्यातून येईल याची वाट त्याने पाहिली नाही. भंगारातल्या मागाचा गिअर काढून दुसऱ्या मागाला बसवणारे आमचे जुने मिस्त्री मला हे वाचताना आठवले.

तरी ब्लेकचा पर लोकांनी लगेच उचलला नाही. दुसरं महायुद्ध संपलं, काचेच्या सुताचं कापड आणि त्यावर ओतायची राळ, म्हणजे रेझिन, बाजारात आली, तेव्हा कुठे फिन सर्रास झाला. आजही बोर्डावर चढवायचं हे कापड वजनावर मागतात, चौरस यार्डाला चार औंस किंवा सहा औंस. भाच्याच्या टपरीत या कापडाचा ताका पाहिला. मी अंगठ्याने कड चाचपली आणि भाचा ओरडला, काचेचं कुसळ बोटात जातं म्हणून. फिन करताना हेच कापड थरावर थर रेझिनमध्ये बसवतात, वाळलं की पत्र्यासारखा कडक तक्ता होतो, त्यातून आकार कापतात आणि मग घासतात. घासताना मधला भाग जाड ठेवायचा, कडा पातळ करत न्यायच्या. कडेला थर उघडे पडतात आणि नकाशातल्या डोंगराच्या रेषांसारखी वलयं दिसतात. वलयं दोन्ही बाजूंना सारखी आली तर हात चांगला, असं भाचा म्हणाला.

कॅलिफोर्नियाच्या बॉब सिमन्सने चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस रुंद शेपटीला दोन फिन लावून पाहिले. तो शिकलेला इंजिनिअर, वेगवान बोटींच्या बुडावरची पुस्तकं वाचून फळ्या करायचा. 1954 मध्ये तो सर्फिंग करतानाच बुडाला आणि ती वाट बरीच वर्षं ओस पडली. साठीच्या दशकात जॉर्ज ग्रीनोने एकट्या फिनलाच नवं रूप दिलं. तो गुडघ्यांवर बसून लाटा घ्यायचा आणि माशांकडे बघत राहायचा. तोवरचे फिन रुंद, आखूड आणि ताठ असत. त्याने डॉल्फिन आणि ट्यूना यांच्या अंगावरून धडा घेतला: उंच, मागे झुकलेला, टोकाला पातळ आणि लवणारा. वळताना टोक वाकतं आणि सुटताना फळीला पुढे ढकलतं. 1966 मध्ये सॅन डिएगोच्या जागतिक स्पर्धेत ऑस्ट्रेलियाचा नॅट यंग जिंकला, तेव्हा त्याच्या 'मॅजिक सॅम' या फळीखाली ग्रीनोच्या घडणीचा फिन होता.

पण एका फिनची एक खोड आहे. माणूस फळी एका कुशीवर झुकवतो, शेपटी उचलली जाते आणि मधला एकटा फिन पाण्यातून निम्मा वर येतो. पकड सुटते. दोन फिन दोन कडांना लावले की झुकलेल्या कडेचा फिन खोल पाण्यात राहतो आणि मध्ये अडवणारं काही नसल्याने फळी पळते. ऑस्ट्रेलियाचा मार्क रिचर्ड्स अशाच दोन फिनांच्या फळ्या स्वतः घडवून 1979 ते 1982 असा सलग चार वर्षं जगज्जेता झाला. छोट्या लाटांवर त्या फळीला तोड नव्हती. मोठ्या लाटेवर मात्र तिची शेपटी सुटायची.

आता मी ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो तो माणूस. सायमन अँडरसन, सिडनीजवळच्या नॅराबीनचा, सव्वासहा फूट उंच, अंगाने भक्कम, हातात रंधा धरून फळ्या घडवणारा. दोन फिनांची फळी त्याच्या वजनाखाली सटकायची. 1980 च्या ऑक्टोबरात फ्रँक विल्यम्स नावाच्या सर्फरची फळी त्याने पाहिली. दोन फिन, आणि मागे आधाराला एक लहानसा अर्धगोल तिसरा. अँडरसनच्या मनात आलं, तिसरा लहान कशासाठी? तिन्ही सारखेच करू. बाजूचे दोन जरा पुढे, तिसरा मागे मध्यावर. त्याला पुढे 'थ्रस्टर' नाव पडलं. 1981 च्या ईस्टरला ऑस्ट्रेलियातल्या बेल्स बीचच्या स्पर्धेत लाटा पंधरा फुटांपर्यंत चढल्या. भल्याभल्यांच्या फळ्या सुटत होत्या. अँडरसनची फळी लाटेच्या तळाशी वळून पुन्हा माथ्यावर जात होती. ती स्पर्धा तो जिंकला, त्याच वर्षी सिडनीची मोठी स्पर्धा जिंकला आणि वर्षअखेरीस हवाईतली पाइपलाइनची स्पर्धाही. रिचर्ड्स त्या वर्षीही आणि पुढच्या वर्षीही दोन फिनांवरच जगज्जेता राहिला, हे खरं. पण थोड्याच वर्षांत जगभरच्या फळ्यांखाली तीन फिन आले. अँडरसनने पेटंट घेतलं नाही. ज्याला हवं त्याने बनवलं.

हे तीन फिन काम कसं करतात ते समजायला मला वेळ लागला नाही, कारण मी आयुष्यभर मागावर आडवं सूत घेऊन धावणाऱ्या धोट्याचा कोन बसवत आलो. फणी आणि ज्या पट्टीवरून धोटा धावतो ती पट्टी यांच्यात पुरता काटकोन नसतो, थोडा कमी असतो, आणि धोट्याची पाठ त्याच कोनात घासलेली असते. त्यामुळे धावता धोटा फणीला चिकटून राहतो. कोन बिघडला की धोटा मागातून उडतो. मी उमेदवारी केली त्या कारखान्यात उडालेल्या धोट्याने माझ्या शेजारच्या माणसाचे दोन दात पडले होते. सर्फबोर्डवर मधला फिन सरळ उभा, दोन्ही अंगांनी सारखा फुगीर असतो. बाजूचे फिन आतून बहुधा सपाट, बाहेरून फुगीर असतात. त्यांची पुढची टोकं फळीच्या नाकाकडे किंचित आत वळवलेली असतात आणि अंग बाहेर झुकवलेलं. फळी वळायला झुकली की त्या कडेचा फिन आधीच वळणाच्या कोनात उभा असतो, पाणी त्याच्या फुगीर अंगावरून धावतं आणि विमानाच्या पंखाला मिळतो तसा रेटा देतं. आत वळवणं जास्त झालं तर सरळ जाताना फिन पाणी अडवतात आणि वेग मरतो. बाहेर झुकवणं जास्त झालं तर फळी चटकन वळते, पण सरळ रेषेतला जोर उतरतो. फिन मागे जास्त झुकलेला असेल तर वळण लांब आणि गोल येतं, उभट असेल तर जागच्या जागी. एखाददुसऱ्या अंशाचा फरक पायाखाली कळतो.

चार फिनांच्या फळ्याही ऐंशीच्या दशकातच आल्या. मधला फिन नसल्याने त्या जोरात पळतात, पोकळ लाटेत कडेला घट्ट धरून राहतात, पण काहींना वळताना मधल्या फिनचा टेकू हवासा वाटतो. लांब फळीला अजूनही एकच मोठा फिन शोभतो. तिच्यावर पुढे चालत नाकापर्यंत जायचं असेल तर मागची शेपटी धरून ठेवायला तोच लागतो. नव्वदीच्या दशकात स्क्रूने काढता-घालता येणारे फिन सर्रास झाले आणि एकाच फळीला सकाळी तीन, संध्याकाळी दोन फिन लावून बघता येऊ लागलं.

भारतात हे सगळं उशिरा पोचलं. अमेरिकन सर्फर जॅक हेबनर यांनी 2004 मध्ये मंगळुरूजवळ मुल्कीला क्लब सुरू केला, 2011 मध्ये सर्फिंग फेडरेशन ऑफ इंडिया उभी राहिली, आणि ऑगस्ट 2025 मध्ये महाबलीपुरमच्या आशियाई स्पर्धेत रमेश बुदिहाळ याने कांस्यपदक मिळवलं. माझं म्हणणं इतकंच, की पदकं मिळवणाऱ्यांबरोबर फिन घडवणारे हातही इथे तयार व्हायला हवेत. भाच्याकडचे चांगले फिन सगळे परदेशी आहेत. साधी वीण, राळ, घासणं, कोन: यातलं सिंधीपुऱ्यातल्या किंवा मालेगाव-इचलकरंजीच्या पोराला जमणार नाही असं काय आहे?

तुम्ही गोव्यात किंवा मालवणकडे फळी भाड्याने घेतलीत, तर पाण्यात शिरण्याआधी ती वाळूत उलटी करा. प्रत्येक फिन चिमटीत धरून हलवून पाहा. एखादा जरी सैल लागला, तरी स्क्रू आवळून मागा किंवा फळी बदलून घ्या.