प्रादेशिक व्यापार करार
काही राष्ट्रांनी आपापसांतील जकाती घटविण्यासाठी वा उठविण्यासाठी केलेले करार. १९४७ च्या ‘गॅट’ करारानुसार एका राष्ट्रास दिलेली जकातसवलत सर्व सदस्यांस मिळावयास हवी. त्याच्या चोविसाव्या अनुच्छेदाने मात्र जकात संघ व मुक्त व्यापार क्षेत्र यांचा अपवाद केला. परस्परांतील बहुतेक सर्व व्यापार खुला व्हावा आणि इतरांवरील निर्बंध एकंदरीत वाढू नयेत, अशा त्याच्या अटी होत. फ्रान्स, प. जर्मनी, इटली इ. सहा राष्ट्रांच्या रोम तहाने (१९५७) या अटींची कसोटी लागली. गॅटने तहाची छाननी केली. पण तो नियमास धरून आहे किंवा नाही, हा निर्णय लांबणीवर टाकला. पुढील बहुतेक करारांबाबतही निःसंदिग्ध निर्णय झाला नाही. जागतिक व्यापार संघटनेतही (१९९५) हा अनुच्छेद कायम राहिला. परिणामी अपवाद नियमाइतकाच बळावला.